खिशातला फोन आणि आपला हक्क

चालू फोन जवळच्या टॉवरशी जोडलेला असतो. आपण पुंडलिकनगरात आहोत की परगावी, हे त्यावरून कळते. मग पोलिसांनी कुणावरही रात्रंदिवस नजर ठेवावी काय?

नाही. खाजगी जीवन हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे, असे २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले. त्यात हात घालायचा तर कायद्याचा आधार हवा, कारण योग्य हवे आणि तेही गरजेपुरतेच.

एका आरोपीला जामिनाची अट होती : फोनच्या नकाशावर तुझा ठावठिकाणा तपास अधिकाऱ्याला दिसला पाहिजे. ८ जुलै २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने ती अट काढून टाकली.

तपासासाठी पोलीस टॉवरची नोंद मागवू शकतात. पण ती कायद्यानेच. ठाणे कुठलेही असो, घटना सर्वांना सारखी!