'कऱ्हाडकर' नीट का उमटत नाही?



प्रमाणपत्रावर 'कऱ्हाडकर' हे आडनाव एका संगणकावर बरोबर छापले जाते. तीच फाइल दुसऱ्या संगणकावर नेली की 'ऱ्ह' मोडतो. दोष टाइप करणाऱ्याला दिला जातो. कधी फॉन्ट नसतो हे खरे, पण पुष्कळदा कारण निराळेच असते.

जोडाक्षरे जुळविण्याचे काम प्रत्येक प्रोग्राम स्वतः करीत नाही. ते काम जाणणारी एक सामायिक फाइल संगणकात असते, तिला शेअर्ड लायब्ररी म्हणतात. प्रत्येक वर्गाला वेगळा शब्दकोश न देता शाळेच्या ग्रंथालयात एकच ठेवावा, तशी ही सोय. लिनक्सवर हे काम बहुधा हार्फबझ ही लायब्ररी करते. मराठी व कन्नड, दोन्ही लिप्या तीच जुळवते. नाव फारसी आहे, 'हर्फ' म्हणजे अक्षर, हे आळंदकरांस सांगावयास नको. लिब्रेऑफिसने ती २०१३ साली लिनक्सवर आणि २०१७ साली सर्वत्र स्वीकारली.

आता एकाच संगणकात शब्दकोशाच्या दोन आवृत्त्या असल्या तर? विंडोज एक्सपीच्या काळात हेच घडे. यूएसपी१० या फाइलची एक प्रत विंडोजची असे, आणि ऑफिस २००३ आपली नवी प्रत सोबत आणी. त्यामुळे वर्डमध्ये शुद्ध दिसणारा मजकूर दुसऱ्या प्रोग्राममध्ये मोडका दिसू शके. मग लोक नवी प्रत उचलून विंडोजच्या मूळ फोल्डरात घालीत. हा उपाय आम्हांस कधीच पटला नाही. एकासाठी केलेला बदल सर्वांच्या माथी बसतो.

आपली मुले प्रोग्राम तयार करून इतर शाळांना देऊ लागतील तेव्हा हाच प्रश्न येईल. लिनक्समध्ये प्रोग्राम सुरू होताना लोडर त्याच्या लायब्ऱ्या शोधतो. प्रोग्राममध्येच लिहिलेला पत्ता, 'एलडी लायब्ररी पाथ' या नावाने दिलेले मार्ग आणि संगणकाची ठरलेली फोल्डरे, अशा त्याच्या शोधण्याच्या जागा. बनविणाऱ्याने स्वतःच्या संगणकावरचा पूर्ण पत्ता आत लिहिला, तर कलबुर्गीच्या शाळेत ते फोल्डरच नसेल. दुसरा मार्ग संपूर्ण संगणकासाठी बदलला, तर इतर प्रोग्रामही नको ती प्रत उचलतील.

म्हणून लायब्ररी प्रोग्रामशेजारच्या फोल्डरात ठेवावी आणि पत्ता 'ओरिजिन' या खुणेपासून लिहावा. ओरिजिन म्हणजे प्रोग्राम जिथे असेल ती जागा. 'आमच्या शेजारच्या खोलीत' असा पत्ता घर बदलले, सामान सोबत नेले, तरी खरा राहतो. तोटा एवढाच की सोबत दिलेली प्रत आपोआप सुधारत नाही. लायब्ररीत सुरक्षेचा दोष निघाला तर नवी प्रत पाठविणे देणाऱ्याचे काम.

कोणती लायब्ररी कोठून घेतली जाते हे एलडीडी या आज्ञेने दिसते. मुलांनी ती स्वतःच्या प्रोग्रामवर जरूर चालवून पाहावी. अनोळखी प्रोग्रामवर मात्र नको, कारण तसे करताना तो प्रोग्रामच चालू होण्याचा धोका असतो.