दोन विशेषणांमधला स्वल्पविराम

इंग्रजीत नामाआधी दोन विशेषणं आली की मध्ये स्वल्पविराम द्यायचाच, असं आपल्याकडे सर्रास शिकवलं जातं. मग नोकरीच्या अर्जात, प्रकल्प अहवालात, दुकानाच्या जाहिरातीत 'अ व्हाइट, कॉटन शर्ट' किंवा 'अ न्यू, स्टील टेबल' असं छापलेलं दिसतं. दोन्ही ठिकाणी स्वल्पविराम चुकीचा आहे. विशेषणं किती आहेत याला इथे महत्त्व नाही. त्यांचं आपसातलं नातं काय, एवढंच बघायचं असतं.

'अ पेशंट, ऑनेस्ट टीचर' घ्या. शिक्षिका संयमी आहे आणि ती प्रामाणिकही आहे. दोन्ही विशेषणं नामाला थेट लागतात आणि त्यांचा दर्जा सारखा आहे. अशा विशेषणांना इंग्रजी व्याकरणात 'कोऑर्डिनेट' म्हणतात आणि स्वल्पविराम त्यांच्यामध्येच येतो. 'व्हाइट कॉटन शर्ट'मध्ये मात्र 'कॉटन शर्ट' ही आधी एक वस्तू होते आणि 'व्हाइट' त्या अख्ख्या वस्तूचं वर्णन करतं. ही 'क्युम्युलेटिव्ह' म्हणजे एकावर एक चढत गेलेली विशेषणं. त्यांच्यात स्वल्पविराम येत नाही.

ओळखायचं कसं? मध्ये 'अँड' घालून बघा, मग विशेषणांची अदलाबदल करून बघा. 'पेशंट अँड ऑनेस्ट टीचर', 'ऑनेस्ट, पेशंट टीचर' दोन्ही बिनदिक्कत चालतं. 'व्हाइट अँड कॉटन शर्ट' किंवा 'कॉटन व्हाइट शर्ट' लगेच खटकतं. जिथे खटकलं तिथे स्वल्पविराम नको.

हा नियम परका वाटत असेल तर मराठीकडेच बघा. 'शांत, समजूतदार मुलगी' लिहिताना आपण सहज स्वल्पविराम देतो. 'जुना लाकडी पूल' लिहिताना देत नाही, आणि 'लाकडी जुना पूल' कानाला बरं वाटत नाही. म्हणजे हा भेद मराठी माणसाला उपजत कळतो. इंग्रजी लिहिताना तो बाजूला ठेवून 'दोन विशेषणं, एक स्वल्पविराम' असं गणित मांडलं जातं, ही खरी अडचण आहे.

'वाचताना जिथे थांबतो तिथे स्वल्पविराम' हा दुसरा पक्का समज. त्याला इतिहास आहे. अलेक्झांड्रियाचे ग्रंथपाल बायझँटियमचे अ‍ॅरिस्टोफेनीस यांनी इसवी सनापूर्वी सुमारे २०० वर्षं वेगवेगळ्या उंचीवर ठिपके देण्याची पद्धत आणली, ती मोठ्याने वाचणाऱ्याला कुठे किती थांबायचं ते कळावं म्हणून. पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसमध्ये आल्डस मॅन्युशियस यांच्या छापखान्याने स्वल्पविरामाला आजचं वळणदार रूप दिलं. मराठीत विरामचिन्हं रूढ करण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं, आणि ती इंग्रजीवरूनच आली. पण आजच्या इंग्रजीत स्वल्पविराम श्वासाला नव्हे, वाक्यरचनेला बांधलेला आहे. 'अ लाँग ब्लॅक कोट' वाचताना तुम्ही कितीही थांबलात तरी तिथे चिन्ह येणार नाही.

'एवढ्याशा चिन्हाने काय बिघडतं?' असं विचारणाऱ्यांनी पुढची दोन उदाहरणं नीट बघावीत. 'अ प्रिटी स्मॉल टाउन' म्हणजे बऱ्यापैकी लहान गाव. 'अ प्रिटी, स्मॉल टाउन' म्हणजे सुंदर आणि लहान गाव. स्वल्पविराम नसताना वाचणारा 'प्रिटी' हे 'स्मॉल'ला लावतो आणि गावाचं सौंदर्यच वाक्यातून निघून जातं.

दुसरं उदाहरण अर्जात किंवा अहवालात खरोखर अडचण करणारं आहे. 'माय सेकंड अनसक्सेसफुल अटेम्प्ट' म्हणजे माझा दुसरा फसलेला प्रयत्न, अर्थात त्याआधीही एक फसला होता. 'माय सेकंड, अनसक्सेसफुल अटेम्प्ट' म्हणजे माझा दुसरा प्रयत्न, जो फसला. पहिल्याचं काय झालं ते हे वाक्य सांगतच नाही, तो यशस्वीही झालेला असू शकतो. शब्द तेच, क्रम तोच, पण वाचणाऱ्याला तुमच्याबद्दल कळणारी माहिती वेगळी.

विशेषणांच्या क्रमाबद्दलही गोंधळ आहे. इंग्रजीत तो साधारण ठरलेला असतो: आधी मत, मग आकारमान, वय, रंग, मूळ ठिकाण, कशापासून बनलं ते. लेखक टॉल्किन यांनी लहानपणी ड्रॅगनची गोष्ट लिहिली, तेव्हा 'ग्रीन ग्रेट ड्रॅगन' म्हणता येत नाही, 'ग्रेट ग्रीन ड्रॅगन' म्हणावं लागतं, असं आईने त्यांना सांगितलं. ही आठवण त्यांनी १९५५ मध्ये कवी ऑडेन यांना लिहिलेल्या पत्रात आहे. विशेषणं वेगवेगळ्या गटांतली असून या क्रमाने आली तर सहसा स्वल्पविराम लागत नाही. 'अ ब्यूटिफुल ओल्ड इटालियन लेदर बॅग'मध्ये चार विशेषणं आहेत, स्वल्पविराम एकही नाही.

शेवटचं विशेषण आणि नाम यांच्यामध्ये तर स्वल्पविराम कधीच येत नाही. 'अ टॉल, क्वाएट, बॉय'मधला दुसरा स्वल्पविराम काढून टाका. 'डार्क ब्लू सारी'तलं 'डार्क' साडीचं नव्हे, निळ्या रंगाचं वर्णन करतं, म्हणून तिथेही नको.

ऑक्सफर्ड कॉमाची चर्चा ऐकून अनेकांना तोच नियम इथे लागतो असं वाटतं. तो कॉमा यादीतल्या शेवटच्या 'अँड' किंवा 'ऑर'च्या आधीचा. अमेरिकेतल्या मेन राज्यात तो कायद्याच्या एका कलमात नव्हता, त्यावरून ओकहर्स्ट डेअरीच्या वाहनचालकांनी जादा कामाच्या पैशांसाठी दावा लावला आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. त्या वादाचा विशेषणांशी संबंध नव्हता.

'अँड' आणि अदलाबदलीची परीक्षा शंभर टक्के अचूक नाही, हेही सांगायला हवं. 'लिटल', 'ओल्ड', 'यंग' असे छोटे शब्द नामाजवळ आले की चांगले लेखक बहुधा स्वल्पविराम देत नाहीत. 'अ कोल्ड, वेट नाइट'सारख्या ठिकाणी कुणी देतो, कुणी गाळतो. व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअरही अशा जागी चकतं, कारण लिहिणाऱ्याला काय म्हणायचं होतं ते त्याला ठाऊक नसतं. म्हणून पुढचा इंग्रजी अर्ज पाठवण्याआधी त्यातली विशेषणांची प्रत्येक जोडी स्वतः 'अँड' घालून वाचा, आणि तरीही शंका उरलीच तर स्वल्पविराम गाळा.