टाकीतले पाणी आणि घरातली हवा

माती परीक्षणाचा कागद हाती आला की जुन्नर-आंबेगावकडचा बागाईतदार आधी एक आकडा पाहतो, तो सामूचा. इंग्रजी शिकलेली मुले त्यालाच पीएच म्हणतात. सात म्हणजे ना आंबट ना खारे. सातच्या खाली आम्ल, सातच्या वर अल्क. ही मोजपट्टी १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेन या रसायनशास्त्रज्ञाने बसवली. प्रयोगशाळा बिअरच्या कारखान्याची होती, हे जाता जाता सांगून टाकतो. या मोजपट्टीची खुबी अशी, की एक अंक खाली उतरला म्हणजे आम्लता दसपट झाली. तेव्हा ८.१ चे ७.८ झाले तर कागदावर फरक क्षुल्लक दिसतो, पण आम्लता दुप्पट झालेली असते.

हा सामू आज आपण रानातून उचलून घरातल्या काचेच्या टाकीत नेणार आहोत, आणि टाकीही खाऱ्या पाण्याची! १९५१ साली मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, तेव्हापासून सहलीला गेलेल्या कितीतरी मुलांनी समुद्रातले रंगीत मासे प्रथम तिथेच पाहिले. तिथे अरबी समुद्र रस्त्यापलीकडे होता. आपल्या येडगावला कुकडीवरचे धरण आहे, पण पाणी गोडे. समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे. तरी आता तयार मीठ विकत मिळते. शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या हिशेबाने ते विरघळवले की समुद्र घरात आला. साधे खायचे मीठ मात्र चालत नाही बरे का, कारण समुद्रात चुना, मॅग्नेशियम आणि इतरही बरेच काही असते.

आता तक्रार ऐका. टाकी नीट चालली आहे, मासे खातात, पाणी नितळ आहे. पण पहाटे मोजले तर सामू ७.७. समुद्राच्या वरच्या थरात तो ८.१ च्या आसपास असतो. मालक घाबरतो, दुकानातून सामू वाढवण्याची पूड आणतो. दुपारी आकडा चढतो, दुसऱ्या पहाटे पुन्हा जिथल्या तिथे. पुन्हा पूड. कोणी खायचा सोडा सुचवतो. त्याने पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, म्हणजे क्षारता, वाढते, पण सामू लगेच चढत नाही, उलट किंचित उतरतो. महिन्याभरात पाणी पुडींनी जड होते. प्रवाळ आपला चुनखडीचा सांगाडा याच पाण्यातून बांधतो. सामू घसरला की त्याचे बांधकाम मंदावते, आणि क्षारता वेडीवाकडी चढली की तो कोमेजतो. पैसे जातात ते वेगळेच.

दोष बहुधा पाण्यात नसतो, खोलीतल्या हवेत असतो. गोळीसोडा जिभेला का चरचरतो? त्यात कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, दाबून भरलेला असतो आणि पाण्यात त्याचे सौम्य आम्ल होते. आपण श्वासावाटे तोच वायू सोडतो. बाहेरच्या हवेच्या दहा लाख भागांत तो आज ४२० च्या वर आहे. १९५८ साली हवाई बेटावर मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५ च्या आसपास होता. बंद खोलीत चार माणसे रात्रभर झोपली तर तो सहज हजारावर, कधी दोन हजारांवर जातो. हवेत तो दुप्पट झाला की टाकीचा सामू साधारण ०.३ ने उतरतो. त्यात रात्री उजेड नसल्याने शेवाळे कर्बवायू खात नाही, उलट सोडते. म्हणून पहाटेचा आकडा सर्वात खाली.

जुन्या कौलारू घराला हा प्रश्न नव्हता, कौलांच्या फटींतून हवा खेळत होती. आता स्लॅबची घरे आणि सरकत्या काचेच्या खिडक्या. त्यात आपल्या भागात उसातला बिबट्या! दिवस मावळला की दारे-खिडक्या बंद, आणि ते योग्यच आहे. माशांसाठी रात्री दार उघडे टाका, असे मी कोणालाही सांगणार नाही.

आधी खात्री करून घ्या. टाकीतले पेलाभर पाणी काढून सामू मोजा. पेला अंगणात नेऊन हवेच्या छोट्या पंपाने तासभर बुडबुडे सोडा, पुन्हा मोजा. मग दुसरा पेला घेऊन तेच खोलीत करा. अंगणात आकडा चढला आणि खोलीत चढला नाही, तर गुन्हेगार खोलीची हवा. दोन्हीकडे चढला, तर टाकीतच पाणी पुरेसे घुसळले जात नाही. शिक्षकांना वर्गात हेच उलट दाखवता येईल: खाऱ्या पाण्याच्या पेल्यात नळीने फुंकर घालायला लावा, मुलांच्या डोळ्यांदेखत आकडा उतरतो. चुन्याच्या निवळीत फुंकली तर ती दुधाळ होते. मात्र निवळी तोंडात ओढू देऊ नका.

उपाय स्वस्त आहे. पंपाची हवा ओढणारी नळी खिडकीच्या चौकटीतून किंवा भिंतीच्या भोकातून बाहेर काढा, टोकाला जाळी बांधा. खिडकी बंदच राहते, टाकी मात्र बाहेरची हवा घेते. झरोका असेल तर उघडा ठेवा. माणसांनाही तो हवाच आहे. एवढे करूनही पहाटे ७.८ राहिला तर आकड्यामागे धावू नका, मासे तेवढ्यावर सुखाने जगतात.

एक इशारा. थंडीत खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपण्याची चाल अजून आहे. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड माणूस मारतो, आणि टाकीचा सामू त्याची काहीच खबर देत नाही. सामू ठीक म्हणजे हवा ठीक, असा अर्थ काढू नका.

आणि घर द्राक्षबागेला लागून असेल, तर फवारणीच्या दिवशी ती बाहेरची नळी आत ओढून घ्या. औषधाचा फवारा वाऱ्याने येतो, आणि पंप तो थेट पाण्यात सोडतो.