दोरीचं दुसरं टोक

मुंबईत इमारत रंगवायची म्हणजे आधी परांची बांधायची, हा जुना शिरस्ता. मजले वाढत गेले, बांबू बांधण्या-सोडण्यातच दिवस आणि पैसा जाऊ लागला, तसा अनेक ठिकाणी झुला आला. गच्चीवरून सोडलेली दोरी, तिला टांगलेली फळी आणि फळीवर बसलेला रंगारी. गेल्या तीन दशकांत या माणसासाठी बरंच काही झालं, पण झालं ते बहुतेक दोरीच्या त्याच्याकडच्या टोकाला.

१९९६ साली बांधकाम कामगारांचा केंद्रीय कायदा आला. त्यात नव्या बांधकामाबरोबर दुरुस्ती आणि देखभालही धरली होती. १९९८मध्ये केंद्राचे नियम झाले, २००७मध्ये महाराष्ट्राचे. सुरक्षा पट्टे आणि हार्नेस यांचं भारतीय मानक १९९९ साली सुधारलं गेलं. मात्र हा कायदा २०२५पर्यंत लागू होता तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला. चार-पाच जणांची रंगाऱ्यांची टोळी त्यातून सहज निसटत असे.

गच्चीवरचं टोक तसंच राहिलं. दोरी बांधतात पाण्याच्या टाकीच्या खांबाला, जिन्याच्या केबिनला, कुठे डिश अँटेनाच्या चौकटीला, कुठे पाइपाला. कठड्याच्या धारेवर ती घासू नये म्हणून खाली गोणपाट. खांब भक्कम असेलही, पण तो किती ओढ सोसेल हे कुणी तपासलेलं नसतं. धक्का शोषणारी पट्टी लावली, तरी पडणाऱ्या माणसाचा हिसका सहाशे किलो वजनाइतका जाऊ शकतो. म्हणून युरोपच्या २०१२च्या मानकात एका माणसासाठीचा धातूचा अँकर, म्हणजे दोरी अडकवायचा पक्का आधार, साधारण त्याच्या दुप्पट भारावर तपासतात. अर्ध्या विटेचा कठडा त्या हिशेबात कुठेच बसत नाही.

या बाबतीत महत्त्वाचं वळण अमेरिकेत आलं. तिथल्या कामगार सुरक्षा खात्याने, म्हणजे ओशाने, १९९१मध्ये काही अटींवर दोरीने उतरून काम करायला मुभा दिली होती. पक्का नियम व्हायला २०१६ उजाडलं. २० नोव्हेंबर २०१७पासून इमारतीच्या मालकावर लेखी हमीचं बंधन आलं: अँकर कुठे आहेत, ते तपासले आहेत, आणि प्रत्येक माणसामागे ५,००० पौंड, म्हणजे सुमारे २,२७० किलो, भार कुठल्याही दिशेने पेलतात. तपासणी दरवर्षी, फेरप्रमाणपत्र जास्तीत जास्त दहा वर्षांनी. हा कागद हातात आल्याशिवाय कंत्राटदाराने माणूस खाली सोडायचाच नाही. नियम जुन्या इमारतींनाही लागू होता. गच्चीवरच्या टोकाची जबाबदारी लटकणाऱ्यावरून इमारतीवर आली, ही मला या सगळ्या काळातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

जुन्या गच्चीवर अँकर बसवणं काळजीचं काम आहे, पण अवघड नाही. आपल्याकडे स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा जाड कोबा असतो. त्यात रोवलेला बोल्ट दिसायला घट्ट, प्रत्यक्षात निरुपयोगी. कोबा फोडून खालच्या काँक्रीटपर्यंत जावं लागतं. ते सुदृढ असेल तर केमिकल अँकर चालतो, नाहीतर बोल्ट स्लॅबच्या आरपार नेऊन खालून लोखंडी पाटा द्यावा लागतो. मग ओढून चाचणी, आणि भोवतीचं वॉटरप्रूफिंग नव्याने. समुद्राकाठी धातू गंजरोधकच हवा. काम करायची दोरी एका अँकरला, जीव वाचवणारी दुसऱ्याला, आणि दोन्ही कठड्यापासून इतके आत की माणूस कडेला जाण्याआधीच अडकवून घेईल.

हे करायची वेळही आपल्या नियमांनीच नेमून दिली आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. इंजिनियर गच्चीवर येतोच, पुढे वॉटरप्रूफिंगसाठी कोबाही फुटतो. त्याच कामात अँकर बसवले तर खर्चाची भर थोडीच. २०२४च्या सूर्यघर योजनेनंतर घरांच्या छतांवर सौर पॅनेल बसवणारी आणि पुसणारी माणसंही वाढत आहेत, त्यांनाही हेच अँकर उपयोगी पडतील.

म्हणून मोठ्या दुरुस्तीची पुढची निविदा सर्वसाधारण सभेपुढे येईल, तेव्हा सभासदांनी त्यात अँकरची बाब आवर्जून घालून घ्यावी. रंगारी महिनाभर येतो आणि जातो, इमारत पुढची पन्नास वर्षं तिथेच असते. तिच्या भिंतीवर लटकणाऱ्याचा भार पेलण्याची तजवीज तिच्या मालकांनीच करायला हवी.