फाट्यावर वसलेलं शहर

२०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्यातला जुन्नर तालुका चार लाखांना टेकला होता. जुन्नर शहर मात्र जेमतेम पंचवीस हजारांवर. आधीच्या दहा वर्षांत त्यात हजारभराचीही भर पडली नव्हती. सातवाहनांच्या काळापासून नाणेघाटाच्या वाटेवर व्यापार करून मोठं झालेलं, शिवनेरीच्या पायथ्याचं, एके काळी कागदासाठी नाव कमावलेलं हे शहर जागच्या जागी राहिलं. पूर्वेला पंधराएक किलोमीटरवरचं नारायणगाव मात्र फुगत गेलं. त्याच्या पुढे आळेफाटा आणि अलीकडे आंबेगाव तालुक्यात मंचर, यांचीही तीच गत.

शहराची हद्द वाढते म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पुण्यालगतची वाघोली, मांजरी, हिंजवडी येतात. तिथे निदान वाढणारं शहर कोणतं ते सांगता येतं. मंचर पुण्यापासून साठेक किलोमीटरवर, आळेफाटा नव्वदच्या पुढे. इथे पुणं पसरत आलेलं नाही. पसरला तो रस्ता. गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा हिशेब मांडला तर पुणे–नाशिक महामार्ग हेच या दोन तालुक्यांचं शहर आहे, आणि या शहराला महापौर नाही, नगररचनाकारही नाही.

पैसा आधी पाण्यातून आला. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं – येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे – सत्तरच्या दशकापासून एकेक करत उभी राहिली. घोड नदीवरच्या डिंभे धरणात खुद्द आंबेगाव हे गाव बुडालं. म्हणजे तालुक्याचं नाव पाण्याखाली, कचेरी घोडेगावला आणि बाजार मंचरला! पाणी पोचलं तिथे ऊस, द्राक्षं, टोमॅटो आले. विघ्नहर आणि भीमाशंकर हे सहकारी कारखाने उभे राहिले. पश्चिमेच्या डोंगरपट्ट्याला मात्र धरणांसाठी जमीन द्यावी लागली आणि पाणी खाली वाहून गेलं. तिथली माणसं मुंबईला डबे पोचवायला, हमालीला गेली आणि कमाई जमली की घर बांधायला परतली. पण घर बांधलं ते डोंगरातल्या गावात नाही, तर खाली रस्त्याला, जिथे मुलांना शाळा, म्हाताऱ्यांना दवाखाना आणि रात्रीची एसटी मिळते तिथे.

नारायणगावाला रस्त्याचं महत्त्व पूर्वीपासून ठाऊक. पाडव्याच्या आधी तमाशाच्या फडांच्या राहुट्या इथे पडतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात, ते काही केवळ तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकरांच्या पुण्याईवर नव्हे. चारी बाजूंनी पोचायला सोयीचं ठिकाण, हेही त्याचं कारण. टोमॅटोचा बाजारही त्याच सोयीवर वाढला. हंगामात क्रेट भरलेल्या पिकअप गाड्यांची रांग लागते, व्यापारी उत्तरेतून येतात. त्यामागे हमाल आले, पॅकिंगवाले आले, गॅरेजं, खताची दुकानं, खोल्या भाड्याने देणारे आले. २०२३ च्या जुलैत टोमॅटोचे भाव आभाळाला भिडले, तेव्हा या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांच्या बातम्या देशभर झळकल्या. असा पैसा एकदा हाती आला की त्याची पहिली वाट बहुधा प्लॉटकडेच जाते.

हा प्लॉट कसा जन्मतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. रस्त्यालगतच्या एकराला जेसीबी लागतो, मुरूम पडतो, फक्कीच्या रेषा मारल्या जातात आणि चार कोपऱ्यांत दगड रोवले जातात. एकराचे चाळीस गुंठे, त्यातले रस्त्याला गेले ते सोडून बाकीचे विक्रीला. तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालचा, म्हणून एकट्याच्या नावावर गुंठा होत नाही. मग चार-पाच जण मिळून सामाईकात खरेदीखत करतात, नाहीतर नोटरी आणि विश्वास यांवर भागवतात. पुढे ग्रामपंचायतीत नमुना आठला घराची नोंद लागते, वीज मीटर बसतं, आणि लोकांच्या लेखी घर कायदेशीर होतं. नकाशात दाखवलेला रस्ता पहिल्या घराची पायरी येईपर्यंतच तेवढा रुंद राहतो. दुसऱ्याची संरक्षक भिंत, तिसऱ्याचा शोषखड्डा, आणि पाचव्या वर्षी अग्निशमनाची गाडी तर सोडाच, वाळूचा टेम्पोही मागे घ्यावा लागतो. शोषखड्डा भरला की सांडपाणी शेजारच्या ओढ्याला. सरकारने २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत २०२० अखेरच्या बांधकामांपर्यंत वाढवली. लोकांनी त्यातून धडा एवढाच घेतला की थांबलं की होतं.

मग आराखडा नव्हता का? होता. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखाली पुण्याची प्रादेशिक योजना १९९७ मध्ये मंजूर झाली. या दोन तालुक्यांचा बहुतेक भाग तिच्यात शेतीचाच. २०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) स्थापन झालं, पण त्याची हद्द खेड तालुक्याच्या काही भागापाशी थांबते. नियमांचीही गंमत अशी की ते मोजणी गावठाणापासून करतात. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला अकृषिक वापराची सवलत आहे. पण वस्ती गावठाणाभोवती वाढलीच नाही. आळेफाटा हे गावच नव्हे. पुणे–नाशिक आणि कल्याण–अहिल्यानगर या दोन महामार्गांची ती फुली. ज्ञानेश्वरांच्या रेड्याच्या समाधीचं आळे गाव बाजूला राहिलं आणि फाट्यावरची बाजारपेठ आळे आणि वडगाव आनंद या ग्रामपंचायतींच्या हद्दींत विभागली गेली. नारायणगाव आणि वारुळवाडी यांचंही तसंच. इमारत एका ग्रामपंचायतीत, समोरचं दुकान दुसरीत. घरपट्टी दोघी गोळा करतात. कचरा कोणी उचलायचा यावर मात्र सभेत तासभर बोलता येतं.

कोंडी असह्य झाली तेव्हा उत्तर काढलं ते बायपासचं. खेड ते सिन्नर चौपदरीकरणात मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा या सगळ्या ठिकाणी बाह्यवळणं झाली. नाशिकला जाणाऱ्याचा वेळ वाचला, यात वाद नाही. पण बायपासच्या दोन्ही तोंडांशी आता हॉटेलं, पेट्रोलपंप आणि प्लॉटचे फलक उभे आहेत. रस्ता गावातून काढून शेतात नेला, आणि वस्ती त्याच्या मागोमाग शेतात चालली. हे आधी ओळखायला फार मोठा तज्ज्ञ लागत नव्हता. बायपास मंजूर करतानाच त्याच्या दोन्ही बाजूंना बांधकामाची रेषा आणि सेवारस्ता ठरवून सक्तीने राखता आला असता.

आता एक विरोधाभास. या टापूत नियोजनाचा खरा दरारा कोणाचा असेल, तर तो खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा! प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने नव्वदच्या दशकात इथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभ्या राहिल्या. रेडिओलहरींचा गोंगाट कमी असलेली जागा, म्हणून हा परिसर निवडला. तेव्हापासून आसपासचे मोठे उद्योग आणि मोबाईल टॉवर हा नाजूक विषय आहे. २३५ किलोमीटरच्या पुणे–नाशिक रेल्वेसाठी इथे मोजण्या झाल्या, काही जमिनीही घेतल्या गेल्या. मग दुर्बिणीच्या निरीक्षणांत अडथळा येईल, या कारणाने रेल्वे मंत्रालयाने या मार्गाला नकार दिला. लोक चिडले, आंदोलनं झाली. त्यांचा राग समजतो; पिढ्यान्‌पिढ्या रेल्वेची वाट पाहिलेला हा मुलूख आहे. पण नकाशावर आखलेली रेघ पाळली जाऊ शकते, हेही याच प्रकरणात दिसलं. ओढ्याच्या पूररेषेसाठी हा आग्रह कोणी धरत नाही.

बिबट्या तर कोणत्याच आराखड्यात नाही. जुन्नर वनविभागात बिबट्यांच्या पिढ्या उसात वाढल्या, आणि त्याच उसाला लागून आता एकट-दुकट बंगले होत आहेत. २००१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत हल्ले वाढले, पिंजरे लागले, पुढे माणिकडोहचं निवारा केंद्र गाजलं. विखुरलेल्या वस्तीचा धोका त्यानंतरही कोणी मोजला नाही. वाडी एकत्र असती तर दिवे, कुंपण आणि शाळेची गाडी सगळ्यांना मिळून परवडली असती. दोन उसांच्या मधल्या घरातलं पोर संध्याकाळी पाचशे पावलं एकटं चालतं.

मंचरची नगरपंचायत झाली, ती या साऱ्या काळातली ठळक घटना. राज्यघटनेतल्या १९९२ च्या दुरुस्तीने ग्रामीणातून शहरी होणाऱ्या भागांसाठीच ही तरतूद केली होती. ती इथे पोचायला तीस वर्षं लागली. बाकीच्यांना घाई नाही, आणि त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. नगरपंचायत आली की घरपट्टी वाढते, ग्रामीण योजनांतले लाभ जातात, सरपंचाच्या दारात जाऊन दाखला मिळतो ती सोय संपते. दोन ग्रामपंचायती एकत्र करायच्या तर दोघींच्या पुढाऱ्यांना एका खुर्चीवर बसावं लागेल, ही अडचण कोणी उघड बोलत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. मंचरला आता विकास आराखडा करावा लागेल, म्हणजे शाळा, भाजीमंडई, मैदान, सांडपाणी प्रकल्प यांची आरक्षणं टाकावी लागतील, आणि मोकळी जमीन शोधताना पहिली भांडणं तिथेच होतील. आळेफाट्यावर ते भांडण करायलाही अजून कोणी एक यंत्रणा नाही.