खाणीत काम केलेल्यांची छाती: धोका आधीच कसा ओळखायचा?

सानपाड्यात कोळशाची खाण नाही. पण चंद्रपूर, बल्लारपूर, सावनेर भागातल्या भूमिगत खाणींतून निवृत्त झालेले वडील मुलांकडे नवी मुंबईत राहायला येतात. खोकला जात नाही, जिना चढताना दम लागतो. घरचे वयाला किंवा विडीला दोष देतात आणि खाणीतल्या नोकरीचा विषय डॉक्टरांसमोर निघतच नाही.

खाणीतली हवा का मोजतात?

कोळशातून मिथेन वायू सुटतो. हवेत तो साधारण ५ ते १५ टक्के झाला, तर ठिणगीनेही स्फोट होतो. म्हणून १.२५ टक्क्यांनाच वीज तोडण्याचा नियम आहे. कार्बन मोनॉक्साइडवरही लक्ष ठेवतात. कोळसा आतल्या आत तापू लागला, की ज्वाला दिसण्याआधीच हा वायू वाढतो. म्हणजे आगीची सूचना आधी मिळते.

हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. अशा वेळी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर चांगला आकडा दाखवून फसवू शकतो. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरबाबतही हे लक्षात ठेवा.

धुळीचा धोका हळू येतो

कोळशाची बारीक धूळ फुफ्फुसात साचते आणि तिथे गाठी, व्रण तयार होतात. या आजाराला न्युमोकोनिओसिस म्हणतात. सुरुवातीला त्रास काहीच नसतो, पण एक्स-रेमध्ये बदल दिसू शकतात. नोकरी सुटल्यावरही आजार वाढू शकतो. दगडाच्या धुळीतल्या सिलिकामुळे क्षयरोगाची शक्यताही वाढते.

म्हणूनच खाण कामगारांची ठरावीक वर्षांनी वैद्यकीय तपासणी होते. १९५२च्या खाण कायद्याखाली हा आजार सरकारला कळवण्याच्या आजारांत धरला गेला. त्यामुळे जुने कागद उपचारासाठी आणि भरपाईच्या दाव्यासाठीही उपयोगी पडतात.

तुम्ही काय कराल?

- किती वर्षे, कोणत्या खाणीत, नेमके कोणते काम केले, हे लिहून आणा.
- जुने एक्स-रे आणि तपासणीचे कागद टाकू नका. नव्या एक्स-रेची तुलना त्यांच्याशीच करता येते.
- छातीचा एक्स-रे आणि फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री याबद्दल विचारा. खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल, तर थुंकीची तपासणीही करा.
- विडी-सिगारेट पूर्ण बंद करा. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसीबद्दल विचारा.

साचलेली धूळ काढणारे औषध नाही. पण दम कमी करता येतो आणि क्षयरोग वेळेत सापडला तर बरा होतो.

थुंकीतून रक्त, बसल्या जागी धाप किंवा ओठ निळसर दिसणे यांपैकी काहीही झाले, तर थांबू नका. थेट रुग्णालयात न्या.