तोलेदोची रात्र

रात्रभर तळमळलेला स्पॅनिश माणूस सकाळी सांगतो, ‘नोचे तोलेदाना’ गेली, म्हणजे तोलेदोची रात्र. तो कधी तोलेदोला गेलेला असेलच असं नाही. माद्रिदच्या दक्षिणेला, ताहो नदीच्या वळणावरचं हे जुनं शहर. या शब्दप्रयोगामागे एक रक्तरंजित कथा सांगतात. अरब अमलात अम्रूस नावाच्या सुभेदाराने गावातल्या बंडखोर मातब्बरांना मेजवानीला बोलावलं आणि एकेकाला आत घेऊन त्यांची मुंडकी उडवली. १६११ साली कोशकार कोवार्रुबियासने दिलेलं कारण मात्र अगदी घरगुती आहे: डास. गावकऱ्यांकडे उपाय असतात, पाहुण्याला बिचाऱ्याला डास फोडून काढतात. मला कोशकाराचंच पटतं. मुंडकं उडालेला माणूस कूस कशी बदलणार?

जागलात कशामुळे, हे स्पॅनिशमध्ये बहुतेकदा क्रियापदातच कळतं. ‘त्रास्नोचार’ म्हणजे आपल्या मर्जीने रात्र काढणं. गप्पा, नाच, पत्ते, काहीही. यावरूनच आलेला ‘त्रास्नोचादो’ म्हणजे शिळा; शिळ्या अन्नाइतकाच तो जुनाट विचारांनाही लावतात. अर्जेंटिनात मध्यरात्रीनंतरच्या सिनेमाच्या खेळाला ‘त्रास्नोचे’ म्हणतात. ‘देस्वेलार्से’ म्हणजे झोप उडणं, इथे मर्जी चालत नाही. मेक्सिकोत मात्र परीक्षेसाठी नाहीतर लग्नघरी जागलेलाही तेच क्रियापद वापरतो. अभ्यासू पोरांसाठी आणखी एक आहे: ‘पापण्यांचे केस जाळणं’. दिव्याला इतकं चिकटून वाचायचं. आणि ‘नो पेगार ओहो’ तर आपल्याला समजावून सांगायलाच नको, कारण आपलाही डोळ्याला डोळा लागत नाही.

सगळ्यात भारदस्त शब्द ‘वेला’. जागरण, पहारा आणि मेणबत्ती, तिन्ही त्यात येतात. मृताजवळ रात्रभर बसणं म्हणजे ‘वेलोरियो’. सरदारकी मिळण्याच्या आदल्या रात्री उमेदवाराने प्रार्थना करत जागावं, असा नियम १३व्या शतकात राजा दहाव्या अल्फोन्सोच्या कायदेग्रंथात घातलेला आहे. सेर्वांतेसने १६०५ साली त्याची यथेच्छ टर उडवली. डॉन किहोते खानावळीला किल्ला समजतो, विहिरीजवळच्या हौदावर चिलखत मांडतो आणि भाला घेऊन पहारा देतो. खेचरांना पाणी पाजायला आलेला माणूस ते चिलखत उचलून फेकतो आणि डोक्यात भाला खातो. दुसऱ्याचीही तीच गत. हैराण खानावळवाला मग चारा-भुशाच्या हिशेबाची वही पोथीसारखी हातात धरून, काहीतरी पुटपुटत डॉन किहोतेला घाईघाईने सरदार करून टाकतो.

घड्याळाचा हिशेबही निराळा. रात्रीचे दोन वाजले की स्पॅनिशमध्ये ‘माद्रुगादा’ लागलेली असते. आपल्या पहाटेला तेव्हा अजून बराच अवकाश असतो. सेव्हियात गुड फ्रायडेच्या मिरवणुका याच वेळी निघतात. त्या रात्रीचं नावच ‘माद्रुगा’.

उशिरा घरी परतणाऱ्यांची सोय १९७०च्या दशकापर्यंत ‘सेरेनो’ करत असे. हा गल्लीचा रखवालदार. पूर्वी तो वेळ आणि हवामान ओरडून सांगत फिरे; आभाळ बहुधा निरभ्र, म्हणजे ‘सेरेनो’, म्हणून त्याचंही तेच नाव पडलं, असं सांगतात. माद्रिदमध्ये इमारतींच्या मुख्य दरवाजांच्या किल्ल्या त्याच्या कमरेला असत. घरी आलेल्याने रस्त्यात उभं राहून टाळ्या वाजवायच्या, त्याने लांबून ‘आलो’ म्हणून ओरडायचं आणि काठी आपटत यायचं. यातले पुष्कळजण उत्तरेकडच्या अस्तुरियासचे. दार उघडल्याची बक्षिशी आणि रहिवाशांची वर्गणी, यावर त्यांचं पोट चाले.